रेकॉर्ड कपाटात राहिली काय अन् भंगारात गेली काय

मागच्या उन्हाळ्यात भंगारवाल्याकडे तांब्याचा हिशोब करायला गेलो होतो. माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे, धानाच्या सीझनमध्ये जळालेल्या पंपांची रांग लागते, त्यातलं जुनं तांबं त्याच्याकडेच जातं. तर त्याची पोट्टे अंगणात काळ्या तबकड्या फेकून खेळत होती. एक माझ्यासमोर भिंतीवर आदळली अन् कवेलूसारखी फुटली. मी म्हणलं, हे काय आहे बाप्पा? तो म्हणाला, "गोंदियाच्या एका जुन्या रेल्वे क्वार्टरातलं सामान उचललं, त्यात निघालं. इकत नाही भाऊ. ना लोखंड, ना पलाष्टिक, वजनात कोणी घेत नाही. न्यायचं तं घेऊन जा." मी दोनशे रुपये दिले, त्याला वाटलं वाइंडिंगवाल्याचं डोकं गरम झालं. एकतीस रेकॉर्डी होत्या, सात फुटलेल्या.

दुकानात येऊन एका तुकड्याला सोल्डरिंग आयर्न लावून पाहिलं, हे कशाचं आहे म्हणून. धूर निघाला अन् मी तिथंच थांबलो, कारण तो वास मला माहीत होता. माझे वडील मोटर भरून झाली की वाइंडिंगला लाखेचं वॉर्निश पाजायचे अन् बल्बच्या उष्णतेवर सुकवायचे, पूर्ण घरात तो वास असायचा. आता सगळं तयार डब्यातलं येते, पण वास विसरत नाही माणूस. रेकॉर्ड लाखेची होती. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या वेगाच्या जुन्या जवळपास सगळ्या तशाच, लाख थोडी, बाकी दगडाची भुकटी अन् काजळी. अन् ही लाख जगाला मुख्यतः आपल्या देशातल्या जंगलांतून जायची, पळस, कुसुम, बोर या झाडांवरचा किडा ती करते, गोंदियात लाखेचे कारखाने होते हे इथल्या म्हाताऱ्यांना सांगावं लागत नाही.

आता मुद्द्याचं. त्या एकतीसमध्ये नऊ रेकॉर्डी जॅझच्या निघाल्या. रेल्वेत काम करणाऱ्या अँग्लो-इंडियन लोकांच्या असाव्यात, त्यांच्या इन्स्टिट्यूटमध्ये नाच व्हायचे, हा माझा अंदाज. मला तेव्हा जॅझ म्हणजे हिंदी पिक्चरमधल्या हॉटेलात वाजते ते, एवढंच माहीत. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा धांगडधिंगा वाटला हे प्रामाणिकपणे सांगतो. पण वर्षभर त्याच्याच मागे आहे, अन् त्यातून एक गोष्ट डोक्यात अशी बसली की लिहिल्याशिवाय राहवत नाही. जुनी रेकॉर्डिंग कोणाच्या ताब्यात आहेत यावर जगात भांडणं चालू आहेत, कंपनी म्हणते आमची, संग्राहक म्हणतो मी पैसे मोजले. माझं म्हणणं असं की रेकॉर्ड सांभाळली म्हणजे काम झालं हा गैरसमज आहे. त्यात कोण वाजवतो, कधी, कुठं, हे लिहून ती परत लोकांच्या कानापर्यंत गेली नाही तर ती कपाटात असली काय अन् त्या पोट्ट्यांच्या हातात असली काय, सारखंच. अन् हे काम कंपनीवर किंवा माझ्यासारख्या हौशी माणसावर सोडता येत नाही, ते गावातल्या वाचनालयाचं काम आहे.

जॅझचंच घ्या. नऊपैकी एक फॅट्स वॉलरची, एचएमव्हीची, कोलकात्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात छापलेली. लेबलवर लिहिलंय फॅट्स वॉलर अँड हिज रिदम. पियानो अन् गाणं त्याचं हे कळते, पण मधात एक क्लॅरिनेट येते, जाड, थोडी नाकातली, अन् मला एकदम आमच्या गावच्या बँड पार्टीतला क्लॅरिनेटवाला आठवला, वरातीत पुढे चालायचा अन् पोराच्या मामाकडे पाहून सूर ओढायचा, मामा दहाची नोट काढेपर्यंत सोडायचा नाही. तर ही क्लॅरिनेट कोणाची? लेबल म्हणते 'हिज रिदम', बस. मोबाइलवर दहा मिनिटं शोधलं तर नाव मिळालं, जीन सेड्रिक, ट्रंपेटवर हर्मन ऑट्री, गिटारवर अल केसी, सोबत तारीख अन् मॅट्रिक्स नंबर. म्हणजे लाखेत कोरलेला जो आकडा लेबलजवळच्या गुळगुळीत भागात टॉर्च तिरपी धरून वाचावा लागते, तो आकडा टाकला की त्या दिवशी त्या खोलीत कोण कोण होते ते कळते. नव्वद वर्षांनी, गोंदिया जिल्ह्यात, वाइंडिंगच्या दुकानात.

हे आपोआप नाही झालं. १९३६ मध्ये पॅरिसमध्ये शार्ल दलोने नावाच्या माणसाने 'हॉट डिस्कोग्राफी' म्हणून एक पुस्तक काढलं, त्यात नुसत्या याद्या, कुठली रेकॉर्ड, कोण वाजवते, कधी. फ्रान्समधला माणूस अमेरिकेतल्या काळ्या वादकांची हजेरी लिहून राहिला होता, जेव्हा अमेरिकेतल्या कंपन्यांना स्वतःलाच त्याची पडली नव्हती. पुढे इंग्लंडमध्ये ब्रायन रस्टने तेच काम आणखी मोठ्या प्रमाणावर केलं. अन् न्यूयॉर्कमध्ये मिल्ट गॅब्लर, बापाचं रेडिओचं दुकान, त्यात हा रेकॉर्डी विकायचा. लोक येऊन जुन्या, बंद झालेल्या रेकॉर्डी मागायचे. त्याने कंपन्यांकडून जुने साचे घेऊन पुन्हा छापून घेतले, तीसच्या दशकात, अन् लेबलवर सगळ्या वादकांची नावं टाकली. रीइश्यू ही गोष्ट जॅझमध्ये अशी दुकानदाराने सुरू केली. पुढे १९४० मध्ये कोलंबिया कंपनीने जॉर्ज अवाकियन नावाच्या कॉलेजातल्या पोराला जुना माल चाळायला लावला, अन् त्याला ट्रंपेटवाल्या लुई आर्मस्ट्राँगच्या अशा रेकॉर्डिंग सापडल्या ज्या कंपनीने कधी बाजारात आणल्याच नव्हत्या. माल तिथंच होता, बारा-तेरा वर्षं झाली होती, बघायला कोणी गेलं नव्हतं.

मला दुकानदार म्हणून गॅब्लर जास्त पटतो. गिऱ्हाईक काय मागते ते ऐकलं त्याने.

आता दुसरी बाजू पाहा, म्हणजे नुसतं सांभाळणाऱ्यांची. बिल सेव्हरी नावाचा साउंड इंजिनियर होता. तीसच्या दशकाच्या शेवटी रेडिओवर जे जॅझ लाइव्ह वाजायचं ते तो डिस्कवर उतरवून घ्यायचा, अन् हे महत्त्वाचं आहे कारण रेकॉर्डच्या एका बाजूला तीन मिनिटंच बसायची, रेडिओवर मात्र वादक मोकळे सुटायचे. असा साधारण हजार डिस्कचा साठा. लोकांना माहीत होतं त्याच्याकडे काहीतरी आहे, पण त्याने कोणाला ऐकवलं नाही, थोडंफार सोडून. २००४ मध्ये गेला. २०१० मध्ये त्याच्या पोराकडून ते न्यूयॉर्कमधल्या हार्लेमच्या जॅझ म्युझियमला मिळालं, तोपर्यंत काही डिस्क बुरशीने अन् पोपडे सुटून गेलेल्या. सत्तर वर्षं सांभाळलं अन् सांभाळता सांभाळता संपवलं. त्याला चोर म्हणता येत नाही, आळशी म्हणता येत नाही, उलट त्याच्याशिवाय ते उरलंच नसतं. पण आम्ही संग्राहक लोक याला प्रेम म्हणतो ना, त्यात थोडी लबाडी आहे, ती मला माझ्यातही दिसते. ती नऊ रेकॉर्डींची पेटी मी तीन महिने कोणाला दाखवली नव्हती. का? माहीत नाही. आपली आहे म्हणून.

एक किस्सा तर मला फार आवडते, आवडते म्हणजे रागही येते. डीन बेनेडेटी नावाचा सॅक्सोफोनवाला चार्ली पार्कर या मोठ्या सॅक्सोफोनवाल्याचा असा भक्त होता की १९४७-४८ मध्ये क्लबात मशीन घेऊन बसायचा अन् पार्कर वाजवायला लागला की चालू, पार्कर थांबला की बंद. बाकीच्यांचं वाजवणं जवळजवळ नाहीच. ते १९९० मध्ये मोझेक कंपनीने सात सीडींत काढलं, मोठा खजिना, पण ऐकताना वाटते की भिंत तोडून फक्त खिडकी घरी आणली. आपल्याकडेही हेच चालते. वडशाकडच्या नाटक कंपन्या आमच्याकडे दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत येतात, रात्री दहाला पडदा उघडते तो पहाटेपर्यंत, अन् लोकांच्या मोबाइलमध्ये काय असते? लावणीचे दीड मिनिट. ऑर्गनवाला कोण, तबल्यावर कोण, प्रॉम्प्टर कोण, काही नाही.

शहरातला एक ओळखीचा आहे, तोही रेकॉर्ड गोळा करते, त्याचं अन् माझं यावर वाजते. त्याला मूळ छपाई पाहिजे. ब्लू नोट कंपनीची १९५०-६० ची मूळ प्रत, शेवटच्या गुळगुळीत भागात आरव्हीजी असा शिक्का पाहिजे, म्हणजे रूडी व्हॅन गेल्डर, दिवसा लोकांचे डोळे तपासायचा अन् रात्री न्यू जर्सीत आईबापाच्या बैठकीत रेकॉर्डिंग करायचा, १९५९ मध्ये स्वतःचा वेगळा स्टुडिओ बांधेपर्यंत. हे सगळं मलाही ऐकायला आवडते. पण काही मूळ प्रती हजारो डॉलरला जातात, अन् त्या पैशात संगीत विकत घेतलं जात नाही, शिक्का विकत घेतला जाते. तो म्हणते मूळ आवाज फक्त त्यातच. असेल. पण मूळ म्हणजे बरोबर असंही नाही. ट्रंपेटवाल्या माइल्स डेव्हिसची १९५९ ची 'काइंड ऑफ ब्लू', जॅझमध्ये तिच्याइतकी खपलेली दुसरी सांगता येणार नाही, तिच्या पहिल्या बाजूच्या तिन्ही चिजा मशीनच्या वेगात फरक पडल्याने थोड्या वरच्या सुरात छापल्या गेल्या. तेहतीस वर्षं जगभरची पोरं घरी बसून त्या रेकॉर्डसोबत वाजवायला गेली अन् आपलंच वाद्य बेसूर आहे असं समजली असतील. १९९२ च्या रीइश्यूमध्ये दुसऱ्या मशीनवरची टेप वापरून ते दुरुस्त केलं. म्हणजे ज्याने मूळ प्रत लाखात घेतली त्याच्याकडे चुकीचा सूर आहे अन् ज्याने स्वस्तातली सीडी घेतली त्याच्याकडे बरोबर. हे मी त्याला सांगितलं, तो दोन दिवस बोलला नाही.

रीइश्यू म्हणजे सगळं चांगलं असंही नाही हो. खरखर काढायच्या नादात वरचा आवाज इतका घासून टाकतात की ट्रंपेट उशीखालून वाजते. अन् नाव-गाव न टाकता 'बेस्ट ऑफ जॅझ' म्हणून पन्नास गाणी पेन ड्राइव्हवर भरून विकतात, ते म्हणजे पुन्हा तेच भंगार, फक्त वजन नाही.

कंपन्यांवर सोडा म्हणणाऱ्यांसाठी एक आकडा. अमेरिकेत २००५ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी टिम ब्रुक्स यांनी पाहणी केली होती, १८९० ते १९६४ मधल्या ऐतिहासिक महत्त्वाच्या रेकॉर्डिंगपैकी हक्क असणाऱ्या मालकांनी बाजारात उपलब्ध ठेवलेल्या किती, तर १४ टक्के. आणखी २२ टक्के दुसऱ्यांनी काढलेल्या, म्हणजे ज्यांच्याकडे हक्क नाही असे हौशी लोक, परदेशातल्या छोट्या कंपन्या. मालकापेक्षा बिनमालकाने जास्त जपलं. अन् मालकाच्या गोदामाचं काय होते तेही पाहा, २००८ मध्ये हॉलिवूडला युनिव्हर्सलच्या आवारात आग लागली, त्यात मूळ टेप्स जळाल्या, अन् किती मोठं नुकसान होतं याची चर्चा बाहेर आली ती २०१९ मध्ये. किती जळालं यावर वाद आहे, पण अकरा वर्षं बाहेरच्या लोकांना त्याचा फारसा पत्ता नव्हता.

सगळ्यात जास्त जे डोक्यात बसलं ते किंग ऑलिव्हरचं, हा कॉर्नेटवाला, कॉर्नेट म्हणजे छोटा ट्रंपेटच. १९२३ मध्ये त्याचा बँड शिकागोहून रिचमंड, इंडियाना इथं गेला, जेनेट कंपनीच्या स्टुडिओत, पियानोच्या कारखान्याच्या आवारात. माइक नव्हते, मोठा कर्णा, त्याच्यात तोंड घालून वाजवायचं. बाजूलाच रेल्वे लाइन, गाडी आली की थांबा. (गोंदिया-बल्लारशा लाइनजवळ राहणाऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही, आमच्याकडेही लग्नात मंगलाष्टक थांबते.) ड्रमचा धक्का बसला की सुई उडायची म्हणून बेबी डॉड्सला पूर्ण ड्रम लावू दिले नाहीत, लाकडी ठोकळ्यांवर भागवलं. अन् एकवीस-बावीस वर्षांचा आर्मस्ट्राँग इतक्या जोरात वाजवायचा की त्याला बाकीच्यांपासून दूर मागे उभं केलं, त्याला वाटलं आपल्याला बाजूला काढलं, हे पियानोवरच्या लिल हार्डिनने सांगून ठेवलंय, जिने पुढच्या वर्षी त्याच्याशी लग्न केलं. त्या साली केलेल्या रेकॉर्डींपैकी एकीची जगात एकच प्रत सापडलेली आहे असं सांगतात. एक. आज आपण ती ज्या कुठल्या रीइश्यूवर ऐकतो ते सगळं त्या एका तबकडीतून आलंय, अन् ती भंगारवाल्याच्या पोट्ट्यांच्या हाती लागली असती तर? अन् स्वतः ऑलिव्हर, दात-हिरड्या गेल्या, वाजवणं गेलं, सव्हानात एका पूल हॉलमध्ये झाडझूड करत १९३८ मध्ये मेला. त्याला त्या रेकॉर्डचं काय मिळालं असेल हे विचारू नका. बहुतेकांना एकरकमी पैसे, सही करा अन् निघा.

अन् ज्याची रेकॉर्डच झाली नाही तो? बडी बोल्डन, न्यू ऑर्लिन्सचा कॉर्नेटवाला, सगळे म्हातारे वादक शपथेवर सांगायचे की हे सगळं त्याच्यापासून सुरू झालं. १९०७ मध्ये वेड्यांच्या इस्पितळात गेला अन् १९३१ मध्ये तिथंच मेला. एक सेकंदाचा आवाज उपलब्ध नाही. मी आमच्या बँडवाल्याचा विचार करतो तेव्हा मला ऑलिव्हर नाही, बोल्डन आठवते. तो गेला तेव्हा मी नववीत होतो. त्याच्या पुतण्याकडे एक फोटो आहे, लाल कोट घातलेले अकरा माणसं, मागे शाळेची भिंत. चार नावं लागली. बाकी सात, "हा आमगावकडचा होता वाटते", "हा दारू पिऊन मेला तो", एवढंच.

इथं लोक मला जे म्हणतात ते मी लिहूनच टाकतो, म्हणजे नंतर वाद नको. पहिलं, धानाला बोनस वेळेवर नाही, पोरं पुण्याला कंपनीत जाऊन राहिले, अन् तुम्ही गोऱ्यांच्या रेकॉर्डी घेऊन बसले. एक तर गोऱ्यांच्या नाहीत, बहुतेक काळ्यांच्या, गुलामांच्या नातवंडांच्या. पण ते सोडा. बोनसचा मोर्चा निघाला तर मी जातोच, रेकॉर्ड ऐकणारा माणूस मोर्चाला जात नाही असं थोडीच आहे. अन् दुसरं म्हणजे ही वस्तू आपल्यापासून तितकी लांब नाही. लढाईच्या वेळी, १९४२ मध्ये अमेरिकेत शेलॅकची टंचाई झाली, शेलॅक म्हणजे लाखच, सरकारने लाखेच्या वापरावर बंधन आणलं अन् कंपन्यांनी लोकांकडून जुन्या रेकॉर्डी परत घेऊन दळून नव्या काढायला सुरुवात केली. किती जॅझ त्या चक्कीत गेलं असेल. त्याच वर्षी १ ऑगस्टपासून तिकडच्या वादकांच्या युनियनचा संप, दोन वर्षांच्या वर चालला, स्टुडिओ जवळजवळ बंद, अन् नेमकं त्याच काळात न्यूयॉर्कमध्ये रात्री-बेरात्री पार्कर, डिझी गिलेस्पी ही मंडळी नवीन चाल घडवत होती. त्या नव्या चालीला बीबॉप म्हणतात, तिचं बाळपण म्हणून रेकॉर्डवर जवळपास नाहीच. किड्याची लाख जहाजात चढली नाही तर गाणं उरत नाही, अशी ही भानगड आहे, पळसाच्या झाडाखाली बसून तिला परकी म्हणायला मला नाही जमत. अन् ज्या सी. रामचंद्रांनी ते हॉटेलातलं वाजवणं १९५१ च्या 'अलबेला'त आणलं, गोव्याच्या चिक चॉकलेटचा ट्रंपेट घेऊन, ते लहानपणी नागपुरात गाणं शिकलेले.

दुसरं लोक म्हणतात, युट्यूबवर सगळं आहे. आहे. आज आहे. कोणी टाकलं माहीत नाही, कोणत्या वेगाने टाकलं माहीत नाही, उद्या काढलं तर कोणाला विचारणार तेही माहीत नाही. अन् आमच्या मंडईतल्या दंडारीचं, म्हणजे इकडच्या लोकनाट्याचं, १९८० च्या आसपासचं एक मिनिट दाखवा तिथं. ते कॅसेटमध्ये आहे, कोणाच्या तरी माळ्यावर, धानाच्या कोठीशेजारी, तिच्यावर पांढरी बुरशी चढून राहिली आहे.

गाडगेबाबांचं उदाहरण घ्या, आपल्या अमरावती जिल्ह्यातलेच. आयुष्यभर कीर्तनं केली, हजारो गावांत, अन् आज त्यांचा आवाज म्हणून आपण जे ऐकतो ते १९५६ मध्ये वांद्र्याला केलेल्या कीर्तनाचं ध्वनिमुद्रण, जाण्याच्या थोडे दिवस आधीचं. मधातले पन्नास वर्षांचे आवाज गेले. कोणीतरी त्या एका रात्री मशीन लावलं म्हणून तो प्रश्न विचारून विचारून लोकांना बोलतं करणारा आवाज आहे, नाहीतर तोही बोल्डनच झाला असता.

कायद्याची अडचण आहे असं मला वाटायचं, मग वाचलं. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालते. आधी ५० होता, टागोरांच्या साहित्याचा हक्क संपत होता तेव्हा १९९२ च्या दुरुस्तीत दहा वर्षं वाढवले, त्यात सगळ्यांचेच वाढले. तरी हिशोब करा, १९६४ पर्यंत निघालेली सगळी रेकॉर्ड आज आपल्या देशात मोकळी आहे. (गाण्याचे शब्द अन् चाल यांचा हक्क वेगळा, तो लिहिणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, तेवढं पाहावं लागते. फॅट्स वॉलर १९४३ मध्ये गेला, त्याच्या स्वतःच्या चालींचा प्रश्न मिटला.) उलट अमेरिकेत ऑलिव्हरच्या त्या १९२३ च्या रेकॉर्डी मोकळ्या व्हायला १ जानेवारी २०२४ उजाडावं लागलं, पूर्ण शंभर वर्षं. म्हणजे या बाबतीत गोंदिया जिल्ह्यातलं वाचनालय तिथल्या वाचनालयापेक्षा मोकळं आहे, अन् आपण त्या मोकळेपणाचं काही करत नाही. हा हक्क पुन्हा वाढवायची मागणी उद्या कोणी केली तर माझा विरोध राहील, कारण वाढवलेल्या वर्षांत मालक लोक काय करतात ते त्या १४ टक्क्यांत दिसलं. दंडारीच्या, नाटकांच्या कॅसेटींचं मात्र वेगळं, त्या अलीकडच्या, तिथं मंडळाला जाऊन विचारायचं अन् कागदावर सही घ्यायची, त्यांना न विचारता उचलून टाकणं म्हणजे आपणच ती एकरकमी देणारी कंपनी झालो.

मी एका वाचनालयात गेलो होतो, नाव नाही सांगत, भली माणसं आहेत. म्हणलं, या चोवीस रेकॉर्डी ठेवा, मी त्या कॉम्प्युटरवर उतरवून देतो, सोबत कोण वाजवते त्याची वही देतो, वाचणाऱ्या पोरांना हेडफोन लावून ऐकू द्या. ग्रंथपाल काका म्हणाले, "अहो, यादीत कोणत्या रकान्यात टाकू? तपासणीला आले तर पुस्तकं मोजतात. तुमच्या तबकडीला पान नाही." त्यांचं काही चुकलं नाही. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यापासून आपली अ, ब, क, ड वर्गाची पद्धत पुस्तकं, पेपर, सभासद यांच्या संख्येवर चालते, आवाज मोजायचा रकाना त्यांच्या रजिस्टरमध्ये खरंच नाही. तो रकाना पाहिजे, हीच माझी सरकारकडे मागणी, बाकी मोठं म्युझियम वगैरे काही नको, ते नागपुरात होईल अन् तिथंच कुलूप लागून राहील. तालुक्याला एक वाचनालय, एक जुनं कॅसेट डेक, एक ७८ ची सुई चालणारं प्लेअर, एक कॉम्प्युटर. यातलं अर्धं सामान लोकांच्या घरी पडून आहे. अन् एक जाड वही, कोण गाते, कोण वाजवते, कुठं, कोणत्या साली, कोणी आणून दिलं. वही सगळ्यात आधी. मशीन नंतर आलं तरी चालते, माणसं नंतर येत नाहीत.

अन् जमणार नाही असं कोणी म्हणू नये, कारण मला जमलं, अन् मी आयटीआय शिकलेला माणूस. चुका झाल्या. सुरुवातीला एलपीची, म्हणजे नंतरच्या मोठ्या प्लास्टिकच्या रेकॉर्डची सुई लावून ७८ वाजवली, ती बारीक पडते, नालीच्या तळाला घासत जाते, नुसती खरखर, या जुन्यांना जवळपास तिप्पट जाड टोक लागते. अन् एक तर अशी चूक केली की सांगायला लाज वाटते. एका रेकॉर्डवर तेलाचा डाग होता, मी सवयीने कापसावर स्पिरिट घेतलं अन् पुसलं. लाख स्पिरिटमध्ये विरघळते हे मला नाही माहीत असणार तर कोणाला? वडील तेच वॉर्निश स्पिरिटमध्ये लाख भिजवून करायचे, मी लहानपणी बाटली हलवून दिली आहे. कापूस काळा झाला अन् रेकॉर्डवर बोटभर रुंदीची वाट गुळगुळीत. त्या गाण्याचा शेवटचा दीड मिनिट माझ्या हातून गेला. साध्या पाण्याने, थेंबभर साबण टाकून, लेबल न भिजवता पुसायचं अन् लगेच कोरडं करायचं, बस.

नऊपैकी आठ जॅझची ओळख लागली. नववीचं लेबल उंदराने की वाळवीने खाल्लंय, फक्त वरचा कंपनीचा सोनेरी काठ उरला आहे. गाणारा नाही, नुसतं वाजवणं, अन् मधात दोन क्लॅरिनेट एकमेकांच्या मागे लागल्यासारख्या. टॉर्च तिरपी धरली तर आकड्यातले पहिले तीन वाचता येतात, चौथा ३ आहे की ८ ते कळत नाही. बँडवाल्याच्या पुतण्याला ऐकवलं, तो क्लॅरिनेट थोडीफार वाजवते. त्याने डोळे मिटून दोनदा ऐकलं अन् म्हणाला, "काका, हे दोन नाही जी, एकच माणूस आहे, श्वास कुठं घेते ते ऐका." मी पुन्हा सुई ठेवली. अजून ठरलं नाही.